आधी शाळा, मग खोली!
मुलांच्या शिक्षणासाठी सोनगीरहून शहरात जाताना काय पाहावे?

सोनगीर (जि. धुळे) - वार्षिक परीक्षा आटोपल्या, की सोनगीर आणि परिसरातील गावांत अनेक घरांमध्ये एकाच विषयाची चर्चा सुरू होते. मुलाला किंवा मुलीला पुढच्या शिक्षणासाठी शहरात न्यायचे का? न्यायचे तर धुळ्याला, की थेट नाशिक-पुण्याला? शाळा कोणती आणि राहायचे कोठे? मुंबई-आग्रा महामार्गावरील हे गाव धुळे शहरापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि किल्ल्यासाठी ते खानदेशात परिचित आहे. गावात माध्यमिक शिक्षणाची सोय आहे. तरीही सेमी इंग्रजी, इंग्रजी माध्यम, खासगी शिकवण्या आणि पुढे विज्ञान शाखेचा प्रवेश या कारणांनी शहराची ओढ वाढते आहे.

हा निर्णय घेताना अनेक कुटुंबांत क्रम उलटा होतो. नातेवाइकांच्या शेजारी एखादी खोली मिळते, भाडे परवडते, म्हणून ती घेतली जाते आणि नंतर जवळची शाळा शोधली जाते. जून महिन्यात शाळा सुरू झाल्यावर हवी ती तुकडी भरलेली आहे, शाळा दुसऱ्या टोकाला आहे किंवा मुलाच्या इयत्तेत माध्यम बदलणे अवघड आहे, हे ध्यानात येते. तोपर्यंत अनामत रक्कम दिलेली असते आणि गावच्या शाळेतून दाखलाही काढलेला असतो. आधी मुलाची इयत्ता, मग शाळा, त्यानंतर वस्ती आणि शेवटी घर, या क्रमाने विचार केल्यास यातील बहुतेक अडचणी टळू शकतात.

खोली करून राहण्याची रीत

खानदेशात शिक्षणासाठी शहरात जाणे नवे नाही. पूर्वी गरीब विद्यार्थी शहरातील ओळखीच्या घरी वार लावून जेवत आणि शिकत. पुढे वसतिगृहे आली. त्यानंतर चार-पाच मुलांनी मिळून खोली करून राहण्याची आणि त्यांच्यासोबत एखाद्या आजीने स्वयंपाकापुरते राहण्याची रीत रुजली. आज चित्र थोडे बदलले आहे. आई मुलांना घेऊन शहरात राहते आणि वडील शेती, दुकान किंवा कारखानदारी सांभाळण्यासाठी गावात राहतात. एका उत्पन्नावर दोन चुली चालतात. हा खर्च आणि ही ताटातूट एखाद्या वर्षापुरती नसते. पाचवीत शहरात आलेले मूल बारावी होईपर्यंत आठ वर्षे जातात. म्हणूनच शाळेची निवड ऐकीव माहितीवर सोडणे परवडणारे नाही.

स्थलांतर कोणत्या इयत्तेत?

शाळा बदलण्याच्या नैसर्गिक जागा तीन आहेत - पाचवी, आठवी आणि अकरावी. राज्यातील बहुसंख्य खासगी माध्यमिक शाळा पाचवी ते दहावी किंवा आठवी ते दहावी अशा आहेत. त्यामुळे पाचवी आणि आठवीच्या सुरुवातीला नव्या विद्यार्थ्यांसाठी जागा असतात आणि वर्गातील अनेक मुले एकमेकांना नवी असतात. सहावीत, सातवीत किंवा नववीत येणारे मूल मात्र आधीच जमलेल्या वर्गात एकटे दाखल होते.

कायद्याच्या दृष्टीनेही आठवीला महत्त्व आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयोगटातील बालकांना आठवीपर्यंत त्याचे संरक्षण आहे. या कायद्यानुसार प्रवेशासाठी बालकाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही आणि देणगी मागता येत नाही. गाव बदलावे लागल्यास सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क बालकाला आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो आणि दाखल्यास उशीर झाला, या कारणावरून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. नववीपासून मात्र या तरतुदींचा आधार राहत नाही. जागा असतील, तरच प्रवेश मिळतो आणि त्यासाठी शाळा आधीचे गुणही पाहू शकते.

नववीत किंवा दहावीत शाळा बदलण्याचा निर्णय म्हणूनच शक्यतो टाळावा. दहावीचे वर्ष सुरू झाल्यावर शाळा बदलायची, तर शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या परवानगीची प्रक्रिया करावी लागते. ज्या पालकांना आठवीपूर्वी हलणे शक्य झाले नाही, त्यांनी दहावी गावातच पूर्ण करून अकरावीला शहरात जाणे अधिक सोयीचे. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाली आहे. गुणवत्ता यादीत गावातील शाळेचे आणि शहरातील शाळेचे गुण सारखेच धरले जातात.

पाचवीपूर्वी शहरात जाण्याचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला निवड चाचणीतून प्रवेश मिळतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. ग्रामीण जागेवर दावा करण्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत झालेली असावी लागतात. या काळात मूल शहरी शाळेच्या पटावर गेले, की त्याची गणना शहरी उमेदवारांत होते. तिसरीत किंवा चौथीत घाईने धुळ्याला नेलेल्या हुशार मुलाची ही संधी कमी होते, हे अनेक पालकांना परीक्षेचा अर्ज भरतानाच कळते.

फलकावरचे नाव आणि शाळेचा प्रकार

धुळ्यात जुन्या संस्थांच्या शाळांची परंपरा मोठी आहे. जयहिंद, कमलाबाई कन्या शाळा, जो. रा. सिटी, कनोसा कॉन्व्हेंट ही नावे ग्रामीण भागातही परिचित आहेत. त्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत शहराच्या कडेने अनेक नव्या इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या. नावाच्या प्रसिद्धीपेक्षा शाळा कोणत्या प्रकारात मोडते, हे पालकांनी आधी विचारावे.

अनुदानित शाळेत शिक्षकांचे वेतन शासन देते. तेथील शुल्क अल्प असते आणि मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ असते. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा खर्च पालकांच्या शुल्कातून चालतो. तथापि एकाच इमारतीत, एकाच नावाखाली दोन्ही प्रकार असू शकतात. मराठी माध्यमाची तुकडी अनुदानित आणि सेमी इंग्रजीची तुकडी विनाअनुदानित, अशी रचना अनेक ठिकाणी आढळते. प्रवेश नेमका कोणत्या तुकडीत मिळणार, हे कार्यालयातून स्पष्ट करून घ्यावे.

याचा परिणाम शिष्यवृत्तीवरही होतो. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजेच एनएमएमएस परीक्षा, आठवीत घेतली जाते. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी ती आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरमहा एक हजार, म्हणजे वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. मात्र ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांपुरतीच आहे. गावच्या अनुदानित शाळेतून ही परीक्षा उत्तीर्ण झालेले मूल नववीला खासगी विनाअनुदानित शाळेत नेले, तर चार वर्षांचे ४८ हजार रुपये हातचे जातात आणि वर शुल्क भरावे लागते.

शुल्काबाबत २०११ चा महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम आहे. त्यानुसार खासगी शाळेने प्रस्तावित केलेले शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावे लागते. प्रवेशाच्या वेळी मंजूर शुल्काचा तक्ता मागावा, पुढच्या इयत्तांचे शुल्क किती आहे ते पाहावे आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

मान्यतेची खातरजमा तर सर्वांत आधी करावी. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. शाळेला कोणत्या इयत्तेपर्यंत मान्यता आहे, हेही विचारावे. 'सीबीएसई पॅटर्न' असे लिहिलेला फलक म्हणजे त्या मंडळाची संलग्नता नव्हे. संलग्न शाळांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. आठवीपर्यंतच मान्यता असलेल्या शाळेतील मुलांना नववीला पुन्हा नवी शाळा शोधावी लागते आणि त्या वेळी शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण संपलेले असते. विनामान्यता शाळा चालविल्यास एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही ती सुरू ठेवल्यास प्रतिदिन दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु दंड संस्थेला होतो. वर्ष मात्र मुलाचे वाया जाते.

शंभर टक्के निकालाचा अर्थ

शाळेच्या दर्शनी भागावर दहावीच्या निकालाची टक्केवारी आणि गुणवंतांची छायाचित्रे झळकतात. या टक्केवारीचा अर्थ लावताना दोन आकडे अधिक विचारावेत. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती विद्यार्थी होते आणि त्यांपैकी किती जण त्याच शाळेतून दहावीला बसले? आठवीत ८० मुले असतील आणि दहावीच्या परीक्षेला ६० बसली असतील, तर शंभर टक्के निकाल त्या ६० मुलांचा असतो. उरलेली २० मुले कोठे गेली, याचे उत्तर निकालात नसते. काहींच्या पालकांची बदली झालेली असू शकते. काही मुले नववीत मागे ठेवली गेलेली असतात, तर काहींना १७ क्रमांकाचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेला बसण्याचा सल्ला दिलेला असतो. गावातून येणारे मूल पहिल्या वर्षी मागे पडण्याची शक्यता असल्याने हा प्रश्न त्याच्या पालकांसाठी महत्त्वाचा आहे. मागे पडलेल्या मुलांना शाळा कसे सांभाळते, हे सर्वोच्च गुणांच्या यादीतून समजत नाही.

दुसरी चौकशी शिक्षकांविषयी करावी. गणित, विज्ञान आणि इंग्रजी या विषयांचे शिक्षक नियमित आहेत की तासिका तत्त्वावर, वर्षाच्या मध्यात शिक्षक बदलतात का, एका तुकडीत मुले किती आणि प्रयोगशाळा प्रत्यक्ष वापरात आहे का? शक्य असल्यास शाळा सुरू असताना, कामाच्या दिवशी भेट द्यावी. सुटीतील रिकामी इमारत पाहून शाळा कशी चालते, याचा अंदाज येत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहांची अवस्था आणि पिण्याच्या पाण्याची सोय याच भेटीत पाहून घ्यावी.

माध्यम, मंडळ आणि अहिराणी

मराठी माध्यमातून सेमी इंग्रजीत जाताना गणित आणि विज्ञान हे दोन विषय इंग्रजीतून शिकावे लागतात. पाचवी-सहावीत हा बदल मुलांना तुलनेने सहज पेलतो, कारण संकल्पना सोप्या असतात आणि नवे शब्द हळूहळू अंगवळणी पडतात. आठवीत त्यासाठी उन्हाळ्याच्या सुटीत पारिभाषिक शब्दांची तयारी करून घ्यावी लागते. नववीत हा बदल केल्यास अवघड संकल्पना आणि अनोळखी शब्द एकाच वेळी समोर येतात. संपूर्ण इंग्रजी माध्यमात माध्यमिक टप्प्यावर प्रथमच जाणे त्याहून कठीण. तेथे इतिहास-भूगोलाची उत्तरेही इंग्रजीत लिहावी लागतात.

राज्य मंडळातून सीबीएसईकडे वळायचे असेल, तर नववीपूर्वी निर्णय व्हावा. त्या मंडळात विद्यार्थ्यांची नोंदणी नववीतच होते आणि दहावीत थेट प्रवेश केवळ ठराविक कारणांसाठी, परवानगीने मिळतो. मंडळ कोणतेही असले, तरी मराठी विषय सुटत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले आहे. शाळेत हिंदी, संस्कृत की संयुक्त अभ्यासक्रम आहे, हेही पाहावे. गावच्या शाळेत संस्कृत न शिकलेल्या मुलाला नव्या वर्गात ते मधूनच सुरू करावे लागू शकते.

भाषेचा आणखी एक पदर आहे. सोनगीर परिसरातील अनेक घरांत अहिराणी बोलली जाते. धुळ्यात शिक्षकांना आणि वर्गमित्रांना ती परकी नसते. नाशिकच्या किंवा पुण्याच्या शाळेत मात्र बोलण्याच्या ढंगावरून मुलांची थट्टा होण्याचा संभव असतो आणि बारा-तेरा वर्षांच्या वयात ती फार लागते. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारे मूल अभ्यासात कच्चे आहे, असा समज सहज होतो. प्रवेशाच्या वेळीच वर्गशिक्षकांना घरची भाषा सांगून ठेवावी. अहिराणी ही आपली भाषा आहे आणि प्रमाण मराठी ही शिकण्याची आणखी एक भाषा आहे, हे मुलालाही पालकांनीच सांगायला हवे.

धुळ्यात राहायचे कोठे?

२०११ च्या जनगणनेनुसार धुळे शहराची लोकसंख्या सुमारे पावणेचार लाख आहे. ३० जून २००३ रोजी येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. पांझरा नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. दक्षिणेला जुने शहर आहे. त्याच्या सरळ रस्त्यांची आखणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळात झाली आणि गल्ल्यांना आजही क्रमांकच आहेत. उत्तरेला देवपूर आहे. सोनगीरकडून नगाव मार्गे शहरात येताना देवपूर आधी लागते. त्यामुळे गावाकडे ये-जा ठेवणाऱ्या कुटुंबांचा ओढा साहजिकच देवपूर, वलवाडी या बाजूला असतो. वडिलांना रोज अप-डाऊन करायचे असेल, तर नदी आणि बाजारपेठेतील गर्दी न ओलांडता थेट महामार्ग गाठता येतो.

शाळा नदीपलीकडे असेल, तर मात्र ही सोय मुलाला महागात पडते. शाळेच्या वेळेत पुलांवर होणारी कोंडी रोजचीच. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला मोठा पूर आला, तेव्हा नदीकाठच्या भागाला फटका बसला आणि पुलांवरील वाहतुकीवर परिणाम झाला. नदीकाठी स्वस्तात खोली मिळत असल्यास त्या वेळी पाणी कोठपर्यंत आले होते, हे शेजाऱ्यांना विचारून घ्यावे.

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा निकष ठेवला आहे. घर शोधताना पालकांनी हेच माप वापरावे. शाळा निश्चित झाल्यावर तिच्याभोवती तीन किलोमीटरचे वर्तुळ कल्पून त्यातच घर पाहावे. एवढे अंतर मूल सायकलने स्वतः कापू शकते आणि रिक्षाचा किंवा बसचा मासिक खर्च वाचतो. त्यातून भाडे थोडे अधिक द्यावे लागले, तरी वर्षाचा हिशेब अनेकदा जुळतो. दप्तरांसह मुले कोंबून नेणाऱ्या रिक्षापेक्षा जवळचे घर केव्हाही सुरक्षित. शाळेच्या बसचा वापर अपरिहार्य असल्यास बसमध्ये मदतनीस आहे का आणि शाळेची परिवहन समिती प्रत्यक्ष काम करते का, हे विचारावे. २०११ च्या राज्याच्या नियमांनुसार अशी समिती असणे आवश्यक आहे.

घर पाहताना सर्वप्रथम पाण्याची चौकशी करावी. काही दिवसांच्या अंतराने येणारे नळाचे पाणी ही धुळेकरांची जुनी तक्रार आहे. त्या भागात पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येते, साठवणीची टाकी किती मोठी आहे, कूपनलिका आहे का, हे घरमालकापेक्षा शेजारी अधिक खरे सांगतात. २०१८ च्या हद्दवाढीत महापालिकेत आलेल्या भागांत भाडे कमी असले, तरी रस्ते, गटारी आणि पथदिवे सर्वत्र सारखे पोहोचलेले नाहीत. पावसाळ्यात तेथून मूल शाळेत कसे जाईल, याचा विचार करावा. खानदेशातील उन्हाळा पाहता गच्चीखालची स्लॅबची खोली मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमकी परीक्षेच्या दिवसांत, दुपारी अभ्यासाला निरुपयोगी ठरते.

शाळेच्या सत्रांचाही घराशी संबंध आहे. अनेक जुन्या शाळा जागेअभावी सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत भरतात. दोन भावंडे वेगवेगळ्या सत्रांत असतील, तर घरी कोणीतरी दिवसभर असावे लागते. शिकवणी लावायची असल्यास सायंकाळचा परतीचा रस्ता कसा आहे, दिवे आहेत का, हे रात्री आठ वाजता स्वतः चालून पाहावे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना कोचिंग संस्थांनी प्रवेश देऊ नये, असे अपेक्षित आहे. आठवीपासूनच मोठ्या परीक्षांच्या वर्गाची सक्ती करणाऱ्या संस्थांबाबत पालकांनी हे लक्षात ठेवावे.

घर पसंत पडल्यावर भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार करार नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार ११ महिन्यांचा असल्यास तो एप्रिल-मेमध्ये संपेल असा करावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन परीक्षेत घर बदलण्याची वेळ येऊ नये.

नाशिक-पुण्याचा मोह

धुळ्याऐवजी नाशिक किंवा पुणे निवडणाऱ्यांची संख्याही कमी नाही. नोकरीमुळे पूर्ण कुटुंबच जात असेल, तर प्रश्न वेगळा. केवळ शाळेसाठी जायचे असल्यास वडिलांची भेट आठवड्यावर किंवा महिन्यावर जाते, हे गृहीत धरावे. धुळे आणि नाशिक हे दोन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागीय मंडळातच येतात. दहावीची प्रश्नपत्रिका, पाठ्यपुस्तके आणि अभ्यासक्रम राज्यभर एकच आहेत. त्यामुळे माध्यमिक टप्प्यावर मोठ्या शहराचा लाभ शिक्षक आणि सुविधा यांपुरता असतो, आणि तो त्या विशिष्ट शाळेत आहे का, हे पाहावे लागते.

जातीचा दाखला आणि पडताळणीच्या कामासाठी मात्र मूळ जिल्ह्याशी संबंध सुटत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ या वर्षांतील कुटुंबाच्या वास्तव्याच्या ठिकाणाहून दाखला मिळतो. ही कागदपत्रे गाव सोडण्यापूर्वीच मिळविल्यास पुढील फेऱ्या वाचतात.

अप-डाऊनचा पर्याय

शहरातील शाळा आणि गावातील घर हा तिसरा मार्ग आहे. एसटीच्या विद्यार्थी पासवर मोठी सवलत मिळते. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेत जाण्या-येण्याचा मोफत पास आहे. पासच्या अटी आगारात विचाराव्यात. महामार्गामुळे सोनगीरला गाड्यांची वर्दळ असते. खर्चाच्या दृष्टीने हा मार्ग सर्वांत स्वस्त दिसतो.

पण वेळेचा हिशेब मांडल्यास चित्र बदलते. घरापासून थांब्यापर्यंत, गाडीची वाट, २० किलोमीटरचा प्रवास आणि बसस्थानकापासून शाळेपर्यंतचे अंतर, असे सर्व मिळून एका बाजूला एक तास धरला, तरी रोजचे दोन तास होतात. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि एक हजार तास अध्यापन ठरविले आहे. म्हणजे वर्षभरात सुमारे ४४० तास प्रवासात जातात; अध्यापनाच्या वेळेच्या जवळपास निम्मे! अकरावीच्या मुलाला हे झेपू शकते. पाचवीतील मुलाच्या बाबतीत खेळ आणि झोप दोन्ही यात खर्ची पडतात.

या तुलनेत गावातील शाळेलाही एकदा त्याच कसोटीवर तपासावे. शिक्षकांची पदे भरलेली आहेत का, प्रयोगशाळा चालते का, दहावीनंतर विद्यार्थी कोठे गेले, हे प्रश्न शहरातील शाळेला विचारायचे, तर गावातील शाळेला का विचारू नयेत? चालत जाण्याच्या अंतरावरील शाळा, घरचे जेवण आणि आई-वडील दोघांचा सहवास यांची किंमत भाड्याच्या हिशेबात धरली जात नाही. शिवाय विद्यार्थिसंख्या घटली, की संचमान्यतेत शिक्षकांची पदे कमी होतात. शहरात जाऊ शकणारी मुले निघून गेल्यावर, जाऊ न शकणाऱ्या मुलांच्या शाळेतून शिक्षकही जातो. गावातील पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत आणि पालक सभेत हे प्रश्न मांडणे, हाही मुलांच्या शिक्षणासाठी केलेला प्रयत्नच आहे.

गाव सोडण्यापूर्वी हे करा

१. नव्या शाळेत जागा आहे याची लेखी खात्री झाल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नये.

२. दाखल्यावरील विद्यार्थ्याचे आणि आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात या नोंदी जनरल रजिस्टरशी ताडून पाहाव्यात. चूक असल्यास शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यानंतर ही दुरुस्ती किचकट होते आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तीच चूक उतरते.

३. यू-डायस प्रणालीतील विद्यार्थ्याचा कायम शैक्षणिक क्रमांक लिहून घ्यावा. दाखल्याबरोबर ऑनलाइन नोंदही नव्या शाळेकडे वर्ग झाली का, हे जुलैपर्यंत तपासावे.

४. जुन्या इयत्तांची प्रगतिपुस्तके, आधार कार्ड आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात.

५. खर्चाचा अंदाज महिन्याचा न काढता वर्षाचा काढावा. भाडे, अनामत, वीज, शुल्क, गणवेश, शिकवणी आणि गावाकडच्या फेऱ्या हे सर्व त्यात धरावे. तो आकडा दहावीपर्यंत उरलेल्या वर्षांनी गुणावा आणि एखादे वर्ष पिकाने दगा दिला तरी तो पेलवेल का, हे पाहावे.

६. निर्णयात मुलाला सहभागी करून घ्यावे. पसंत केलेली शाळा त्याला एकदा तरी दाखवावी.

शाळा साधारणपणे जूनच्या मध्यास सुरू होतात. एप्रिलमध्ये शाळांच्या भेटी आणि मे महिन्यात घराचा शोध, असे नियोजन ठेवल्यास पहिल्या दिवशी मूल आपल्या वर्गात असते. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश घेतलेल्या मुलाला मात्र वर्गात बाक मिळविण्यापासून सुरुवात करावी लागते.